वाऱ्याचा डोळा

बंद खिडकी उघडायला किती माणसं लागतात, असं मला पूर्वी कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, "एक. तोही अशक्त असला तरी चालेल." आता विचाराल तर सांगतो. एक सुतार लागतो, एक दातांचा डॉक्टर लागतो, इमारतीची अख्खी कमिटी लागते, नगरपालिकेतला मोठा साहेब लागतो आणि त्याच्याकडे आपल्याला न सोडणारा छोटा साहेब लागतो. शेजारच्या काकू आणि माझा मेहुणा हे दोघं लागत नाहीत, पण ते येतात.

खिडकी अण्णांच्या खोलीतली. अण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं. गेल्या थंडीत त्यांना मेंदूचा हलका झटका आला. हातपाय वाचले, पण गंडांतर आलं ते शब्दांवर. डॉक्टर म्हणाले, "वस्तूंची आणि माणसांची नावं हरवलीत. येतील हळूहळू. त्यांना बोलतं ठेवा." चमच्याला अण्णा "ते ढवळायचं" म्हणत, चष्म्याला "ते नाकावरचं" म्हणत. इथपर्यंत ठीक होतं. पण माझं नाव हरवलं त्याच्याबरोबर मी त्यांचा कोण, हेही कुठेतरी पडलं. ते मला 'अहो' म्हणायला लागले.

"अहो, जरा पाणी देता का? तुम्हाला तसदी देतोय."

अण्णांनी मला जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं. शाळेत असताना मी गाढव होतो, कॉलेजात गेल्यावर गाढव कॉलेजात गेलं, आणि मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी शेजारीपाजारी जाऊन "आमच्या गाढवाला नोकरी लागली" असं कौतुकानं सांगितलं होतं. लाडात असले की पोस्टमन म्हणायचे. घरात मला 'अहो' म्हणणारी एकच व्यक्ती, माझी बायको, आणि तिच्या 'अहो'तला आदर शोधायला भिंग लागतं. अण्णांच्या 'अहो'त मात्र खराखुरा आदर होता. परक्या माणसाला देतात तो.

अशात एका सकाळी मी कामावर गेलो असताना अण्णा बायकोला म्हणाले, "अहो बाई, तो वाऱ्याचा डोळा जरा उघडता का?"

बायकोनं आधी त्यांचे दोन्ही डोळे बघितले. दोन्ही उघडे होते. तिनं आपल्या भावाला फोन केला. माझा मेहुणा औषधांच्या दुकानात हिशेब बघतो, त्यामुळे घरातलं वैद्यकीय खातं आपल्याकडे आहे असं तो धरून चालतो. "वारा लागून डोळा येतो. साधी गोष्ट आहे," असं म्हणत तो थेंबांची बाटली घेऊन आला आणि त्यानं दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. अण्णा त्याला "आभारी आहे" म्हणाले, डोळे पुसले, आणि पुन्हा तेच म्हणाले.

संध्याकाळी मी घरी आलो, बायकोनं हा प्रकार सांगितला, आणि मी चपला न काढता तसाच अण्णांच्या खोलीत गेलो. कारण वाऱ्याचा डोळा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी त्यांच्या वर्गात बसलेलो आहे.

दर वर्षी नव्या वर्गावर अण्णांचा पहिला तास एकाच शब्दावर असायचा. ते फळ्यावर 'विंड' लिहायचे आणि विचारायचे, "अर्थ?" सगळा वर्ग ओरडायचा, "वारा!" "बसा खाली," अण्णा म्हणायचे, "तेवढं तर दोरीवर वाळत घातलेल्या चादरीलाही कळतं." मग सुरू व्हायचं. धावताना गेलेला दम परत येतो, त्याला इंग्रज दुसरा विंड म्हणतो. बासरीसारखी फुंकायची वाद्यं ती विंडची वाद्यं. आणि पोटात धरतो, तोही विंडच! इथे मागचे बाक फार खूश व्हायचे. अण्णा त्यांना खूश होऊ द्यायचे आणि त्या शब्दाशेजारी दुसरा लिहायचे, 'वात'. "हा आपला. विंड आणि वात ही एकाच पणजीची पतवंडं. एक थंडीत वाढलं, एक उन्हात. चेहरे बदलले, पण घराण्याची खोड बघा. तिकडचा पोटात शिरतो, इकडचाही पोटात शिरतो!" खिडकीवरच्या झरोक्याकडे बोट दाखवून सांगायचे की व्हेंटिलेशन हेही त्याच घरातलं, लॅटिन शाखेचं.

शेवटी ते खडू खाली ठेवायचे. "उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या घरांना एक भोक असायचं. धूर बाहेर जायला, वारा आत यायला. त्यांच्या बोलीत त्याचं नाव होतं वाऱ्याचा डोळा. तेच घासून घासून विंडो झालं. आणि आपल्या लोकांनी त्यांची जहाजं कधी बघितली नाहीत, तरी त्याच भोकाला आपण काय म्हणालो? वातायन. गवाक्ष. एकात वारा आला, एकात डोळा आला." एवढं बोलून ते वर्गाच्या खिडकीबाहेर बघत राहायचे आणि घंटा व्हायची. घंटेशी त्यांचं संगनमत असावं असा माझा संशय होता.

तर अण्णांची 'खिडकी' हरवली होती, 'विंडो' हरवली होती, पण शब्दाची पणजी शाबूत होती. मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. आत कुठेतरी आमचे अण्णा होते आणि त्यांनी पत्ता कळवला होता.

आता त्या खिडकीचं सांगतो. मी लहान असताना अण्णा तिच्याशी टेबल लावून पेपर तपासायचे. वारा असा यायचा की टेबलावरचे पेपर दाबायला त्यांनी एक चपटा काळा दगड ठेवला होता. पण तपासताना ते दगड उचलायचे, विचारात पडायचे, आणि वर्गाची सहामाही खिडकीबाहेर जायची. "पोस्टमन, पळ!" अशी आरोळी उठायची. मी दोन जिने उतरून रस्त्यावर, अण्णा वर खिडकीत. तिथून त्यांना सगळं दिसायचं. "डावीकडे! पायरीवर! अरे गाढवा, मागे, मागे! एक राहिला!" अख्खी गल्ली थांबून बघायची. एकदा एक पेपर वाण्याच्या दारातल्या तेलाच्या डब्यात पडला आणि अण्णांनी तो उन्हात वाळवून, तेलकट बोटांनी, मन लावून तपासला. धापा टाकत वर आलो की ते माझ्या डोक्यावर टपली मारायचे. तेवढ्यासाठी मी दगड कधी कधी मुद्दाम दूर ठेवत असे.

पुढे माझं लग्न झालं आणि बायकोबरोबर तिच्या माहेरचं कपाट आलं. सागवानी, तीन दारांचं, वर कंगोरे. ते ठेवायला घरात एकच भिंत पुरेशी लांब होती आणि त्या भिंतीत खिडकी होती. अण्णाच म्हणाले, "सूनबाईचं कपाट आहे, ठेवा तिथे. वारा काय, दारातूनही येतो." विषय संपला. खिडकी कपाटामागे गेली ती गेलीच.

तेव्हा पहिलं काम कपाट हलवण्याचं. मी आणि मेहुणा लागलो कामाला. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून सूचना देत होत्या. "तिरकं करा. तिरकं म्हणजे एवढं तिरकं नाही." कपाट हातभर सरकलं, एक कर्कश आवाज झाला आणि त्याचा मागचा पाय मोडला. मेहुण्यानं चपळाई करून हाताला लागली ती वस्तू पायाखाली सारली. ती वस्तू म्हणजे अण्णांचा काळा दगड. कपाट दगडावर टेकलं आणि खोलीच्या बरोबर मध्यावर स्थिर झालं. मागे जाईना, पुढे येईना. पुढचे कित्येक दिवस आम्ही त्याला उजवी घालून जात होतो. बायकोनं एवढंच विचारलं, "माझ्या बाबांनी दिलेलं होतं, हे माहीत होतं ना?" त्यानंतर ती माझ्याशी फक्त स्वयंपाकघरातून बोलू लागली.

सुतार आला. हा आमचा सुतार कामापेक्षा निदान जास्त करतो. त्यानं कपाटाला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "हे खोलीत आणून जोडलंय साहेब. दारातून सबंध निघणार नाही. कापावं लागेल."

"कापावं?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

शेवटी कपाट विभक्त झालं. दोन दारं बाहेरच्या खोलीत गेली, एक दार अण्णांपाशी राहिलं. मोडका पाय नेमका त्या एका दाराच्या वाट्याला आला, म्हणून दगडही त्याच्या खालीच राहिला.

कपाट गेल्यावर खिडकी दिसली. तिच्यावर भिंतीच्या रंगाचे इतके थर चढले होते की ती खिडकी आहे हे ओळखायला माझ्यासारखा जुना जाणकारच हवा. सुतारानं कड खरवडली, पटाशी घातली आणि म्हणाला, "निघेल. पण बाहेर दाढ आहे."

खरंच दाढ होती. आमच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. त्याची पाटी पहिल्या मजल्यावरून सुरू होऊन दुसऱ्यावर पोचते आणि तिच्या वरच्या टोकाला पुरुषभर उंचीची एक हसरी दाढ आहे. ती बरोबर आमच्या खिडकीवर बसली होती. इतकी वर्षं आमचे अण्णा तिच्या पाठीशी झोपत होते.

डॉक्टर सज्जन निघाले. "सरकवतो की. वडीलधाऱ्यांसाठी एवढं करायलाच हवं. तुमच्या त्या मागच्या दातात कीड आहे, तेही बघून टाकू. फक्त पाटी कमिटीच्या परवानगीनं लागली आहे, तेव्हा हलवायलाही कमिटीची परवानगी आणा."

कमिटी म्हणजे सेक्रेटरी. अंगानं भरलेला, आवाजानं बारीक असा हा गृहस्थ एके काळी अण्णांच्याच वर्गात होता, त्यामुळे माझ्या आशा पालवल्या. पण त्यानं इमारतीचा नकाशा उलगडला आणि आमच्या भिंतीवर बोट ठेवलं. "इथे खिडकी नाही."

"तिथे चहाच्या कपाचा डाग आहे," मी म्हणालो.

"डागाखाली काय आहे ते कमिटी सांगू शकत नाही. नगरपालिकेतून लिहून आणा."

नगरपालिकेत छोट्या साहेबानं विचारलं, "खिडकी नवी पाडायची की जुनी आहे?"

"जुनी."

"मग परवानगी कशाला? कमिटीनं लिहून द्यावं की खिडकी पहिल्यापासून होती."

"कमिटी म्हणते, तुम्ही लिहून द्या."

"आम्ही कसं देणार? आम्ही थोडेच तिथे राहतो?"

बऱ्याच खेपांनंतर त्यानं मला मोठ्या साहेबाकडे सोडलं. मोठे साहेब नियमाला धरून बोलणारे होते. "नियमाप्रमाणे खिडकी म्हणजे व्हेंटिलेशनसाठी ठेवलेली उघडझाप होणारी जागा. तुमच्या जागेची उघडझाप होते का?"

"नाही. म्हणून तर..."

"मग ती खिडकी नाही. उघडल्यावर या, खिडकी म्हणून नोंद करू."

"म्हणजे उघडू?"

"परवानगीशिवाय? अजिबात नाही."

इथे माझा तोल गेला. अण्णांचं रक्त आहे, कुठेतरी उसळणारच. मी साहेबांना व्हेंटिलेशनचं कूळ सांगितलं, विंड सांगितला, वात सांगितला, दर्यावर्दी लोकांच्या धुरापर्यंत पोचलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या अर्जाच्या समासात शेरा मारला, 'अर्जदार विषयांतर करतात.' तो अर्ज अजून माझ्याकडे आहे. वर्गात ज्या विवेचनाला घंटेनं साथ दिली, त्याची नगरपालिकेत ही कदर झाली.

घरी यावं तर काकू अण्णांपाशी बसलेल्या. "या वयात वारा बरा नव्हे हो. वारा लागला की वात होतो." अण्णांनी एकदम मान वर केली आणि ते हसले. घराण्याची खोड त्यांना आठवली असणार. पण मी आत आल्यावर ते सावरून बसले आणि म्हणाले, "या, बसा. तुमचं ते झालं का काम?" मी बसलो. किती दिवस झाले, मी माझ्याच बापाच्या खोलीत पाहुण्यासारखा कडेला बसत होतो.

मग मी कमिटीची बैठक बोलवायला लावली. ती जिन्याखालच्या मोकळ्या जागेत भरली. सगळे बिऱ्हाडकरू खुर्च्या घेऊन आले. विषय एकच होता, पण चर्चा पाण्याच्या टाकीवरून सुरू होऊन कोणाच्या तरी मांजरावर गेली. मेहुणा आमच्या इमारतीत राहत नसूनही दोनदा बोलला. शेवटी सेक्रेटरी उठला.

"हे बघा, सरांबद्दल मला आदर आहे. पण नकाशात जे नाही ते नाही. एकाला खिडकी दिली की उद्या प्रत्येक जण खिडकी मागेल."

"प्रत्येकाला आहे की खिडकी," काकू म्हणाल्या.

"काकू, तुम्ही मध्ये बोलू नका. आणि खरं सांगू? त्या खिडकीची एवढी तरफदारी नको!" सेक्रेटरीचा बारीक आवाज आणखी वर चढला. काहीतरी जुनं त्याच्या घशाशी आलं होतं. "माझा वार्षिकचा पेपर सरांच्या हातून त्याच खिडकीतून उडाला होता! खाली डबक्यात पडला. दोन पानांवरची शाई गेली. सरांनी दिसलं तेवढं तपासलं. पस्तीस पडले मला, पस्तीस! नाहीतर आज मी कुठे असतो!"

मी शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, "कोणत्या खिडकीतून?"

सेक्रेटरी उभाच राहिला. त्याचं तोंड उघडं होतं. दातांच्या डॉक्टरांनी सवयीनं त्यात डोकावून बघितलं. "खिडकी होती असं इतिवृत्तात लिहून घ्या," काकू म्हणाल्या, आणि ते लिहिलं गेलं.

त्यानंतर गाडी उतारावर लागली. कमिटीनं खिडकी पहिल्यापासून असल्याचं पत्र दिलं. त्या पत्रावर नगरपालिकेनं शिक्का मारला. डॉक्टरांनी हरकत नसल्याचं लिहून दिलं आणि दाढ शेजारी सरकवून घेतली. सुतारानं रंगाचे थर कापले. अण्णांना आम्ही खिडकीसमोर खुर्चीत बसवलं. सगळे कागद मी त्यांच्या जुन्या टेबलावर नीट रचून ठेवले होते, कारण सेक्रेटरी मूळ प्रती बघायला वर आला होता. मनातली अढी मनात ठेवून, पण आला होता. काकू होत्या, मेहुणा होता. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली होती.

सुतारानं खांद्यानं धक्का दिला. एक झाला, दोन झाले, तिसऱ्याला खिडकी धाडकन उघडली आणि वारा आत आला. तोच, इतक्या वर्षांनी. त्यानं अण्णांचे पांढरे केस उडवले, एका दाराच्या कपाटाचं दार आपटलं आणि टेबलावरचे कागद उचलले. दगड कपाटाच्या पायाखाली होता. अर्ज, अर्जाच्या प्रती, इतिवृत्त, डॉक्टरांचं पत्र, शिक्क्याचं पत्र, सगळं एका रांगेत आमच्या डोळ्यांदेखत खिडकीबाहेर गेलं.

"अहो, शिक्का!" बायको ओरडली. सेक्रेटरीच्या चेहऱ्यावर मात्र मला समाधान दिसलं.

आणि तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. वर्गातला आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "अरे पोस्टमन! बघतोस काय? पळ!"

मी पळालो. माझे गुडघे जिना उतरायच्या लायकीचे राहिलेले नाहीत, पण त्या दिवशी त्यांना मी विचारलं नाही. रस्त्यावर आलो आणि वर बघितलं. हसऱ्या दाढेच्या शेजारी, खिडकीत, दोन्ही हात चौकटीवर ठेवून अण्णा उभे होते.

"डावीकडे! सायकलीखाली! अरे, त्या छत्रीवाल्याच्या मागे! नळाजवळ, नळाजवळ! पायरीवर! गाढवा, पायरी कुठे, तू कुठे!"

सायकल. छत्री. नळ. पायरी. गेल्या थंडीपासून हरवलेले शब्द एकामागून एक वरून पडत होते आणि मी खाली ते वेचत होतो. लोक थांबले होते. डोक्यावर टक्कल असलेला, इन केलेला शर्ट बाहेर आलेला एक पोक्त माणूस रस्त्यात इकडून तिकडे धावत होता आणि एक म्हातारा त्याला वरून गाढव म्हणत होता. माझ्या प्रतिष्ठेचं काय झालं ते त्या गल्लीला विचारा.

शेवटचा कागद मी भिंतीशी पकडला. शिक्क्याचा. खिडकी आहे याचा जगातला एकमेव पुरावा. तो हातात धरून मी वर बघितलं.

"झाले सगळे?" अण्णांनी विचारलं. आवाज जरा खाली आला होता. त्यांचे हात चौकटीवरून सुटत होते, ते मागे खुर्चीकडे वळू लागले होते. खुर्चीत बसतील, मी वर जाईन, आणि ते सावरून म्हणतील, "या, बसा."

मी बोटं उघडली.

"अरे, सुटला! सुटला तो!" अण्णा पुन्हा खिडकीबाहेर वाकले. "गाढवा, एवढं वय झालं तरी एक कागद धरता येत नाही तुला! एक राहिला! पळ!"

मी पळालो.